उजव्या कड्यावरच्या सात रेघा

मी एक जुनी दुर्बीण आहे. मित्रांनो, माझी कातडी पिशवी फाटली आहे, पट्ट्याला गाठ मारलेली आहे आणि डाव्या काचेच्या आत बुरशीचा ठिपका आला आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. काचेचा जन्म घेतला की बुरशी कधी ना कधी गाठणारच. माझं दुःख निराळं आहे. जे मला सगळ्यांच्या आधी कळलं होतं, ते मी कुणाला सांगू शकले नाही.

एका कारखान्यात लांब टेबलावर मी जुळवली गेले. दोन नळ्या, चार भिंगं, मध्ये एक चाक आणि उजव्या डोळ्याशी एक बारीक फिरतं कडं. माणसाचे दोन्ही डोळे क्वचितच सारखे असतात. तो फरक भरून काढायला ते कडं असतं. कड्यावर मधोमध पांढरं शून्य कोरलेलं आहे.

मला विकत घेतलं एका घड्याळजींनी. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जिन्याखालच्या जागेत त्यांचं दुकान होतं. एक माणूस आत बसला की दुसऱ्याने बाहेर उभं राहूनच बोलायचं. आठवड्याचे सहा दिवस ते डोळ्याला भिंग लावून मुंगीएवढे स्क्रू फिरवत बसायचे आणि मी खुंटीला लटकून त्यांच्याकडे बघत असे. रविवार मात्र माझा. थंडी सरली, झाडांना पालवी फुटू लागली की दर रविवारी सकाळी ते मंडळींना घेऊन माळावर जायचे. रानफुलं बघायची, पाखरं ओळखायची आणि काहीही न तोडता परत यायचं. नाक्यावरचा बेकरीवाला यायचा, दवाखान्यातली नर्सबाई यायची आणि घड्याळजींची मुलगी ठकू तर चालायला लागल्यापासून यायची.

घड्याळजींचे नियम कडक होते. फूल बघायचं तर गुडघे टेकून, उभ्याने वाकून नाही. टिटवी ओरडली की जिथे असाल तिथेच थांबायचं, कारण ती उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि तिची अंडी हुबेहूब खड्यांसारखी दिसतात. ती कुठे बसली आहे हे नक्की कळेपर्यंत पाऊल उचलायचं नाही. आणि तिसरा नियम माझ्याबद्दल. बघून झालं की उजवं कडं शून्यावर आणून मगच दुर्बीण पुढच्याच्या हातात द्यायची. "आपलं माप दुसऱ्याच्या डोळ्यावर लादायचं नाही," असं ते म्हणायचे. मला देताना त्यांचा एकच प्रश्न असायचा, "बघ, सापडलं का?"

कौतुक म्हणाल तर त्या वर्षांत पोटभर झालं. खंड्याचा निळा रंग मी ठकूला पहिल्यांदा दाखवला, तेव्हा ती इतकी जोरात ओरडली की खंड्या दिवसभर फिरकला नाही.

मग एका वसंतात, पहिल्याच फेरीला, घड्याळजींनी कडं जरा जास्त फिरवलं. चित्र जुळलं तेव्हा खिशातली कोरणी काढून त्या जागी एक बारीक रेघ ओढली. बोटाच्या नखाला लागेल, डोळ्याला दिसणार नाही एवढीच. पुढच्या वसंतात दुसरी रेघ, थोडी पलीकडे. त्याच्या पुढच्या वर्षी तिसरी. त्यांना वाटायचं, कडं अजून जरा फिरवलं की दिसेल. माझ्या काचा स्वच्छ होत्या, मित्रांनो. धुकं माझ्यात नव्हतं.

दुकानातही मला दिसत होतं. आधी त्यांनी बायकांची नाजूक घड्याळं घेणं बंद केलं. "आता कंटाळा येतो हो," असं गिऱ्हाइकाला सांगायचे. मग मनगटी घड्याळं बंद झाली. शेवटी भिंतीवरची तेवढी राहिली. घरी मात्र अवाक्षर नाही. ठकू नोकरीला लागली होती, वडिलांसारखीच शिस्तीची आणि वडिलांपेक्षा तापट. तिला कळलं तर ती दुकान बंद करेल आणि रविवारही जाईल, एवढीच त्यांना धास्ती होती. दुकानाचं त्यांना फारसं नव्हतं. रविवारसाठी जीव तुटायचा. ठकू दर फेरीनंतर मला पुसून, कडं शून्यावर आणून ठेवायची. रेघा तिच्या बोटाखाली होत्या, पण तिला कधी थांबून चाचपावंसं वाटलं नाही.

पाखरं ते आता कानांनी ओळखत. सुतारपक्ष्याची टकटक ऐकू आली की मला तिकडे वळवून म्हणायचे, "तो बघा, दुसऱ्या फांदीवर." तो असायचा चौथ्या फांदीवर, कधी दुसऱ्याच झाडावर. पण मंडळी सज्जन. बेकरीवाला मला डोळ्यांना लावून म्हणायचा, "वा, काय ऐटीत बसलाय!" त्या वेळी माझ्यातून त्याला नुसतं खोड दिसत असे. नर्सबाईही "हो हो, दिसला" म्हणायच्या. म्हाताऱ्याचं मन कशाला मोडा, असं प्रत्येकाला वाटे. ठकू तोवर मागेच कुठल्या तरी फुलापाशी गुडघे टेकून असायची. त्यामुळे आपण चुकतो आहोत हे घड्याळजींना कधी कळलंच नाही.

सातव्या रेघेच्या वर्षी कडं टोकाला टेकलं. त्यापुढे ते फिरत नाही.

त्या सकाळी माळावर निळी चांदण्यांसारखी फुलं फुलली होती. टिटवी ओरडली. सगळे जागच्या जागी थांबले. घड्याळजींनी मला डोळ्यांना लावलं, बराच वेळ कडं टोकाशी दाबून धरलं आणि म्हणाले, "ती बघा, त्या वाळक्या झुडपापाशी बसली आहे." झुडपापाशी एक करडा दगड होता. मला तो स्वच्छ दिसत होता.

"दिसली, दिसली," बेकरीवाला म्हणाला.

"दिसली," नर्सबाई म्हणाल्या.

टिटवी झुडपापाशी बसली आहे, म्हणजे इथली जमीन मोकळी आहे. त्यांच्याच नियमाने त्यांनी पाऊल उचललं. पायाखाली काहीतरी फुटलं. खरी टिटवी डोक्यावर घिरट्या घालत आकांत करू लागली.

ठकूने खाली पाहिलं. चारातली तीन अंडी चिरडली होती. तिचा संताप उसळला.

"बाबा, काय केलंत हे! जगाला नियम शिकवता आणि स्वतः असं आंधळ्यासारखं चालता?"

घड्याळजी खाली बसले आणि हातांनी जमीन चाचपू लागले. तीन वेळा त्यांचा हात अंडी चुकवून बाजूने गेला. तेव्हा ठकूला कळलं.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, काही वर्षं आधी आला असतात तर उरलेली तरी वाचवता आली असती. घड्याळजी घरी येऊन खिडकीशी बसले. ठकूने किती विनवलं, "बाबा, मी हात धरते ना, चला." ते म्हणायचे, "नको गं. माझ्या पायाचा भरवसा नाही आता." त्यानंतर ते माळावर गेले नाहीत. दोन हिवाळ्यांनी गेले, ते कायमचेच. मी कपाटात पडून राहिले आणि तिथेच मला बुरशी लागली.

गेल्या वसंतात ठकूने मला बाहेर काढलं. सवयीने तिने कडं चाचपलं आणि तिचं नख अडलं. एक, दोन, तीन... ती खिडकीपाशी गेली, मोजत राहिली. सात. कोरणी बाबांचीच, हे तिला लगेच कळलं.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन एकटीच माळावर आली. तिने कडं सातव्या रेघेवर नेलं, डावा डोळा मिटला आणि पाहिलं. हिरव्यात थोडा निळा डाग, एवढंच. कुठेतरी टिटवी ओरडत होती.

"नाही सापडत हो, बाबा," ती म्हणाली आणि रडली.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंच्या काचा पुसा, आम्हाला कोरड्या जागी ठेवा, हे मी सांगायला हवं. पण ते राहिलं तरी चालेल. तुमच्या घरातलं कुणी नसलेलं पाखरू दाखवू लागलं, तर नुसतं मन राखायला "दिसलं" म्हणू नका. जवळ बसा आणि विचारा, तुम्हाला नीट दिसतंय ना?

ठकू आता दर रविवारी मला घेऊन जाते. बघताना कडं स्वतःच्या मापावर आणते. घरी आल्यावर मला पुसते आणि ठेवण्याआधी कडं फिरवते. शून्यावर नाही, सातव्या रेघेवर.