पट्टा दंडावर असेपर्यंत

मी बोलतेय, बीपीच्या मशीनशेजारची लोखंडी खुर्ची. जरा हळू बोलते, चालवून घ्या. माझ्याच करकरीने मी दचकते.

जन्म जालन्याच्या एका वर्कशॉपातला. वेल्डिंगच्या पहिल्या ठिणगीला जी घाबरले, ती सवय काही गेली नाही. टेम्पोतून कुंभार पिंपळगावच्या एका दवाखान्यात आले, तर तिथे माझ्यावर कोणी बसेना. सलाईनची रिकामी खोकी ठेवायला मी कामी आले. मला बरंच वाटलं. खोकी निदान खोकत नाहीत.

मग रूपाली सिस्टर आली. याच गावची, बी.एस्सी. नर्सिंग झालेली. तिने मला पुसून मशीनशेजारी ठेवलं आणि माझी माणसांशी ओळख झाली.

आमच्या भागात मन कोणाचंच दुखत नाही, हे मला लवकर कळलं. वाढतं ते बीपी. सून बोलेना, बीपी. पोरगा पोलीस भरतीत पुन्हा राहिला, बीपी. बायका दंड पुढे करतात, "बघा सिस्टर, लई वाढलं असंल." मशीन म्हणते, बराबर आहे. मग त्यांचा चेहरा असा पडतो, जणू नापासच झाल्या.

रूपालीने एक हेरलं होतं. पट्टा काढला की बाई उठते. तो दंडावर असेपर्यंत बोलते. म्हणून माप झालं तरी ती हवा सोडून पट्टा तसाच ठेवायची. तिच्याहून जुनी वंदना सिस्टर चिडवायची, "बीपी मोजायलीस का गावाची खबर घ्यायलीस?"

"ताई, ऐकून तर घेते. पण पुढं काय करायचं, ते मला कुठं येतंय?"

तेच शिकायला तिला जायचं होतं. मानसिक आरोग्याचं नर्सिंग. त्यात एक वर्षाचा डिप्लोमा होता, दोन वर्षांचं एम.एस्सी. होतं. तिने दोन्हीकडे अर्ज केले, दोन्हीकडे नंबर लागला. सोमवारपर्यंत एकीकडे हो म्हणायचं होतं, आणि तिची आई, गिरिजाबाई, कशालाच हो म्हणत नव्हती.

शनिवारी गिरिजाबाई स्वतःच आल्या आणि धपकन माझ्यावर बसल्या. मी करकरले, त्या दचकल्या, त्या दचकल्या म्हणून मी पुन्हा करकरले.

"मोज. तुझ्यापायी वाढलंय."

"बराबर आहे, आई."

"मशीन बिघडली तुझी."

पट्टा तसाच राहिला. गिरिजाबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "येड्यांच्यात राह्यलेली पोरगी कोन करून घेईल? म्हनतील, हिलाच काही झालंय."

"अजून काय?"

"अजून काय न्हाई."

रूपाली न हलता वाट बघत राहिली. तिला जमतं ते. मला जमत नाही, पण त्या दिवशी मी चारही पाय घट्ट रोवले.

"तुझा बाप गेल्ता तव्हा कितीक दिवस मला झोप न्हवती," गिरिजाबाई म्हणाल्या. "जीव नुसता घाबरा. इथं येऊन बीपी मोजून घ्यायची. त्या वक्ताची नर्स म्हनायची, बराबर हाय. मंग जायची घरी."

"मला कामून न्हाई सांगितलं?"

"तू बारावीला व्हतीस." मग दंडावरच्या पट्ट्याकडे बघत त्यांनी विचारलं, "त्या एका वर्सात हे शिकवतेत का?"

"शिकवतात. दोन वर्षांच्यात जास्त."

"मंग दोनचंच कर. अर्धवट नर्स मला घरात नको. स्थळं आली तर सांगीन, पोरगी बीपीचं शिकायली."

रूपाली हसता हसता रडायला लागली. माप कोणाचं घ्यायचं, तेच मला कळेना.

आता ती पुण्याला आहे. गिरिजाबाई बाजारच्या दिवशी इथे येतात, रांगेतल्या बायकांना सांगतात, "मशिनीत दिसत न्हाई, त्या बीपीचं शिकायली माझी पोरगी."

माझा एक पाय झिजलाय. प्लास्टिकच्या नव्या खुर्च्या येणार, असं कानावर आलंय, तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. वाचकहो, तुमची ओळख असेल तर शब्द टाका. रूपाली येईपर्यंत मला भंगारात काढू नका. गिरिजाबाईंना प्लास्टिकची खुर्ची मोडेल अशी भीती वाटते, आणि एवढं शिकून आलेल्या सिस्टरची पहिली पेशंट त्याच असणार आहेत.