बाबांचं हँडल

लॅपटॉप बंद पडला तो नेमका माझ्या हळदीच्या तोंडावर. लॅपटॉपचं मला काही पडलं नव्हतं, पण त्यात आईच्या आवाजात रेकॉर्ड केलेले धवले, आमच्याकडची लग्नातली गाणी, होते. वेसाव्याच्या आमच्या कोळीवाड्यात कुणाचंही लग्न असलं की धवलारीण म्हणून आईच गायची. गेल्या वर्षी ती गेली. माझ्या लग्नात दुसऱ्या कुणाच्या तोंडून धवले ऐकायचे नाहीत, हे मी ठरवून टाकलं होतं.

मावसभाऊ विकी फोनवर म्हणाला, सोपं आहे. पेन ड्राइव्हवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम घे, तिच्यावर लॅपटॉप चालू कर, आणि फाइली फोनमध्ये काढून घे. मी ऑफिसातून ती सिस्टिम उतरवून पेन ड्राइव्हवर टाकली, गाणी टाकतात तशी. घरी लावली तर लॅपटॉप ढिम्म. विकी हसला. नुसती फाइल टाकून चालत नाही म्हणे, एका प्रोग्रॅमनं पेन ड्राइव्ह तयार करून घ्यावा लागतो. मग हे आधी सांगायला त्याचं काय जात होतं?

दुसऱ्या दिवशी तसा करून आणला. बाबा शेजारी येऊन बसले. जन्म होडीवर गेलेला माणूस, त्यांचे प्रश्न संपेनात. लॅपटॉप मेलाय तर चालेल कसा? चालणार असेल तर मेला कसा? आणि आई आता कशात आहे, ह्यात की त्या काडीत? लॅपटॉपमध्ये, मी म्हटलं. मग काडी कशाला? समजावायला गेले आणि माझाच गोंधळ उडाला.

विकीनं सांगितलेलं बटण दाबत राहिले. पडद्यावर कुठलासा अनोळखी डोंगर आला. आमचं जुनं काहीच दिसेना. विकीला फोन लावायला वळले, तेवढ्यात पडदा काळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली. पेन ड्राइव्ह बाबांच्या हातात होता.

"बाबा, काय केलास तू?"

"इंजिन लागला का हँडल काढाचा ना," ते म्हणाले. "नाय तं हात मोडतं."

जुन्या होडीचं इंजिन ते हँडल फिरवून चालू करायचे आणि लागलं की झटकन हँडल काढून घ्यायचे. मला ते माहीत होतं, तरी मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, आईला घालवलीस तू. आई गेली त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर बसले होते तसेच ते खाली बघत बसले.

फोनवर विकी म्हणाला, काही गेलेलं नाही. आतल्या डिस्कला कुणी हातच लावलेला नाही. पेन ड्राइव्ह परत लावून लॅपटॉप चालू कर, डिस्कचं चित्र शोध, ते उघड. उघडलं. आईचा फोल्डर होता. मी पहिलीच फाइल दाबली.

आधी नुसती खरखर. मग आईचा आवाज, गाण्याच्या आधीचा, त्या दिवशी रेकॉर्डिंगला शेजारी बसलेल्या बाबांवर खेकसणारा.

"अवो, तुमी कशाला पन हात लावू नका. गप बसा."

बाबांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले. आई गायला लागली. धवला संपला तरी त्यांनी हात बाहेर काढले नाहीत.