मास्तरांची दोनशे चाळीस वाक्यं

आईच्या क्लिनिकमधला जुना कॉम्प्युटर चालू व्हायला नऊ मिनिटं घ्यायचा. मी मोजली होती. तेवढ्यात आई खिडक्या उघडायची, टेबल पुसायची, पहिल्या पेशंटला बसवून पाणी द्यायची, आणि तरी पडद्यावर ते चक्र गरगरतच असायचं. आई स्पीच थेरपिस्ट आहे. कुणाला पक्षाघातानंतर शब्द सापडत नाहीत, कुणाचं मूल चार वर्षांचं झालं तरी बोलत नाही, असे सगळे तिच्याकडे येतात. दिवसभर तिचं "पा, पा, पा" आणि "छान, परत म्हणा" चालू असतं. त्यामुळे घरी आली की तिला आमच्याशी बोलायचा कंटाळा येतो. जेवताना नुसतं बोट दाखवते, की आम्ही ओळखायचं, मीठ.

तर नवीन कॉम्प्युटर आला आणि जुन्यातलं सगळं नव्यात न्यायचं काम मी अंगावर घेतलं. घेतलं म्हणजे ओढूनच घेतलं. आई म्हणत होती, खालच्या चष्म्याच्या दुकानात एक माणूस येतो, तो करून देईल. मी म्हटलं, त्याला कशाला, मी काय मेलेय का? यंदा शाळेच्या कॉम्प्युटर क्लबची मी प्रमुख आहे. गेल्या वर्षापर्यंत मी वर्गात हातसुद्धा वर करायचे नाही, आणि आता मी मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन त्यांचा प्रिंटर दुरुस्त करून येते. जगात जे काही बिघडतं ते माझीच वाट बघत असतं असं मला वाटायला लागलं होतं.

रविवारी सकाळी आम्ही दोघी क्लिनिकमध्ये आलो. आई आठवडाभराची दमलेली होती. पेशंटसाठीच्या लांब बाकावर ती डोळ्यांवर हात घेऊन आडवी झाली.

"काही उडवू नकोस गं."

"काही उडणार नाही. यादी केलीय मी."

खरंच केली होती. आधी साफसफाई, मग सगळ्या फाइलींचा एक गठ्ठा, मग नेणं, मग मोजणं. घर बदलताना कुणी केर बरोबर नेतं का? म्हणून सगळ्यात आधी मी रिसायकल बिन, ती पडद्याच्या कोपऱ्यातली कचऱ्याची टोपली, रिकामी केली. कायमचं काढून टाकायचं का, असं त्याने विचारलं. मी हो म्हटलं. विचारायचं कामच आहे त्याचं.

पुढचं सगळं इतकं बिनचूक झालं की कुणी बघायला नाही याचं मला वाईट वाटत होतं. गठ्ठा केला, नेला, उलगडला. इकडे चौदा हजार तीनशे बारा फाइली, तिकडेही चौदा हजार तीनशे बारा. अधूनमधून वीसेक उघडून पाहिल्या. वर बाहेरच्या डिस्कवर आणखी एक प्रत ठेवली, कारण आमच्या क्लबच्या बाई म्हणतात की एका प्रतीला प्रत म्हणत नाहीत.

साडेबाराला आई उठली. नव्या कॉम्प्युटरसमोर बसली, तो चुटकीसरशी उघडला तेव्हा जरा हसली. मग पडद्यावर इकडून तिकडे बघत राहिली.

"मास्तर कुठेत?"

मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं असेल. त्यांना घशाचा कॅन्सर झाला आणि तीन आठवड्यांपूर्वी ऑपरेशन करून त्यांचं स्वरयंत्र काढून टाकलं. आता ते बोलू शकत नाहीत, कधीच नाही. पण ऑपरेशनच्या आधी आईने त्यांना पाच वेळा बसवून दोनशे चाळीस वाक्यं म्हणून घेतली होती. ती एका टॅबवर घालायची, प्रत्येकाला एक बटण, बटण दाबलं की मास्तरांच्याच आवाजात वाक्य. ते आज चार वाजता टॅब घेऊन येणार होते.

"कुठल्या फोल्डरमध्ये होते?" मी विचारलं.

"फोल्डरमध्ये नाही. त्या टोपलीत."

"कुठल्या टोपलीत?"

"कचऱ्याच्या. पेशंटचे आवाज मी तिथेच ठेवते. इथे पोरं येऊन बसतात, त्यांच्या आया बसतात, तुझा दादा त्याचे खेळ घालतो. ज्याला त्याला बोट लावायची घाई. कुणाचं बोबडं, अडखळतं बोलणं उगाच वाजायला नको. कचऱ्यात कुणी हात घालत नाही."

"आई, कचऱ्यात कुणी ठेवतं का?"

"दहा वर्षं ठेवतेय. लागलं की बाहेर काढते, ऐकते, परत टाकते. आजवर एक फाइल गेली नाही." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "का गं?"

"मी ती रिकामी केली," मी म्हटलं. "सकाळीच. पहिल्यांदा तेच केलं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मलाही उलट काहीतरी ओरडता आलं असतं. ती ओरडली नाही. बाकावर जाऊन बसली आणि दोन्ही तळव्यांनी चेहरा वरून खाली पुसला. "दुसरीकडे कुठे नाहीयेत ते," ती म्हणाली. "आणि आता परत म्हणायला तो माणूस..." एवढ्यावर थांबली.

मी क्लबच्या बाईंना फोन लावला. रविवार, जेवायची वेळ. मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"आधी जुन्या मशीनवरून हात काढ," बाई म्हणाल्या.

"काढला."

"रिकामी केल्यावर त्याच डिस्कवर काही नवीन ठेवलंस?"

"गठ्ठा केला. सहा जीबीचा."

बाईंनी भांडी थांबवायला सांगितली. "हे बघ. टोपली रिकामी केली म्हणून सामान लगेच जात नाही. ही जागा मोकळी आहे एवढीच नोंद होते. पण त्या जागेवर दुसरं कुणी येऊन बसलं की आधीचं गेलं. तुझा गठ्ठा कुणाच्या डोक्यावर बसलाय ते आत्ता सांगता येणार नाही. जुन्यावर काहीही उतरवू नकोस. मी सांगते तो प्रोग्राम नव्या मशीनवरून पेन ड्राइव्हवर घे, तिथून चालव, आणि जे सापडेल ते बाहेरच्या डिस्कवर काढ. नावं मिळायची नाहीत."

"म्हणजे?"

"फाइल मिळेल, तिचं नाव मिळणार नाही. बस मग ओळखत."

प्रोग्रामने डिस्क चाळायला सुरुवात केली. एक टक्का. दोन टक्के. आम्ही दोघी त्या आकड्याकडे बघत बसलो. आईने डबा उघडला, दोन घास खाल्ले आणि झाकण लावलं. एकोणीस टक्क्यांवर आकडा वीस मिनिटं हललाच नाही.

"फोन करून नका येऊ म्हणू का त्यांना?" आईने विचारलं.

"नको."

"मग काय सांगू?"

"मी सांगते."

"तू कशाला? पेशंट माझा. कचऱ्यात ठेवलं मी." ती भिंतीला डोकं टेकून बसली होती, डोळे मिटलेले. "ठेवलं मी, उपसलं तू. दोघी सांगू."

चार वाजत आले तेव्हा चाळणं संपलं. सहाशे अकरा आवाज सापडले होते. प्रत्येकाचं नाव म्हणजे दोनचार अक्षरं आणि आकडे, कुणीतरी डोळे मिटून बडवल्यासारखे. आम्ही त्यांच्याकडे नुसतं बघत होतो, तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली.

मास्तर अंगापिंडाने थोराड, गळ्याला रुमाल, हातात लहान पांढरी पाटी आणि पेन. मागून त्यांची बायको, टॅब पिशवीत घालून छातीशी धरलेला. आईने त्यांना बसवलं आणि सांगितलं, काही न लपवता. माझ्या वाट्याचं मी सांगितलं. सांगताना मी फरशीच्या एकाच चौकोनाकडे बघत होते.

"म्हणजे गेला आवाज?" काकू म्हणाल्या.

"काही गेला असेल, काही आहे. किती ते ऐकल्याशिवाय कळणार नाही," आई म्हणाली.

"ऑपरेशनच्या दिवशी मी रडले नव्हते हो. म्हटलं, बाईंकडे ठेवलाय." त्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिल्या.

मास्तर माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी पाटीवर लिहून पाटी माझ्याकडे वळवली. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर.

मला कळेना. काकू थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "शिकाऊ माणूस घाबरला की तेच करतो, म्हणतायत."

"मी घाबरले नव्हते," मी म्हटलं.

मास्तरांनी खाली आणखी लिहिलं. मग तर जास्तच वाईट. आणि खुर्ची पुढे ओढून घेतली.

बाकीच्या पेशंटचे आवाज कुणाच्या कानी पडायला नकोत, म्हणून आईने हेडफोन घातला. मी एकेक फाइल लावायची, आईने सुरुवातीचं ऐकायचं. दुसऱ्या कुणाचा आवाज असेल तर मान हलवायची, मास्तरांचा असेल तर हात वर करायचा. मग मी तो स्पीकरवर लावायची, वाक्य यादीशी ताडून नाव द्यायची. पहिल्या चाळीस फाइलींना आईने फक्त मान हलवली. एक्केचाळिसाव्या फाइलीला तिचा हात वर गेला.

"मला पाणी हवंय," खोलीत मास्तरांचा आवाज म्हणाला.

मास्तर गुडघ्याकडे बघत होते. काकूंनी पिशवी खाली ठेवली.

त्यानंतर सलग येत गेले. "उशी जरा वर कर." "डॉक्टरांना बोलव." "आरशात बघितलंस का? मग बघ." मास्तरांनी स्वतःहून घालायला लावलेलीही होती त्यात, "क्लच असा सोड, झोपलेल्या पोराच्या डोक्याखालची उशी काढतोयस असा." मास्तर पाटीवर उभ्या रेघा मारत मोजत होते. सहा वाजता आईचे कान लाल झाले होते. ती हेडफोन काढून मिनिटभर खिडकीशी उभी राहायची, परत येऊन बसायची. माझ्या डोळ्यांपुढे आकडे तरंगत होते. काकू एकदा म्हणाल्या, "थांबायचं का?" मी पुढची फाइल लावली.

मधेच आईचा हात वर गेला आणि अर्ध्यातच खाली आला. "हे चुकलेलं आहे. हे मी खरंच टाकून दिलेलं."

"ऐकू तर द्या," काकू म्हणाल्या.

मी लावलं. खोकला, खुर्ची करकरण्याचा आवाज, मग मास्तर, "थांबा हो बाई. अगं, तू हसू नकोस तिकडे, मला हसायला येतंय. काय वाक्य होतं?"

काकूंनी तोंडाला हात लावला. त्या दिवशी त्या इथेच बाकावर बसल्या होत्या.

"हे ठेवा," त्या म्हणाल्या.

"याचा उपयोग काय, काकू? यात वाक्यच नाही," मी म्हटलं.

"घरात कोण वाक्यं बोलतं? मला असंच बोलतात हे. ठेव तू."

अशी बिघडलेली अडतीस निघाली, ती सगळी ठेवली. सात वाजायच्या सुमाराला सहाशे अकरावी फाइल झाली. दोनशे चाळिसांपैकी एकशे त्रेसष्ट मिळाली होती. सत्त्याहत्तर माझ्या गठ्ठ्याखाली गेली. आईने यादीवर खुणा करून काय काय गेलं ते वाचून दाखवलं, मुद्दाम सावकाश, पेशंटला सांगते तसं. डोकं दुखतंय. दिवा घालव. उद्या भेटू. फोन नंतर करतो. मग ती अडली.

"'हो' आहे. 'नाही' गेलं."

"चुकलेल्यांमध्ये असेल," मी म्हटलं आणि अडतिसाच्या अडतीस परत लावल्या. त्यात "हो हो" होतं, "बघू" होतं, "तुझंच खरं" तर तीनदा होतं. "नाही" कुठेच नव्हतं.

मास्तरांनी लिहिलं. तीस वर्षांचा संसार. म्हणायची सवयच नाही.

"चेष्टा पुरे," काकू म्हणाल्या. "उद्या नर्स येईल, दुखतंय का विचारेल. हे काय सांगणार?"

"मशीनमधला तयार आवाज घालता येतो," आई म्हणाली. "पुरुषाचा आहे, स्पष्ट आहे." तिने तो वाजवून दाखवला. मास्तरांनी बँकेत रांगेत उभं केल्यासारखं तोंड केलं, पाटी पुसली, दोन शब्द लिहून ती माझ्यासमोर धरली.

तू म्हण.

"माझा आवाज? काका, तुम्हाला शोभेल का तो?"

त्यांनी "तू" खाली रेघ मारली.

"भरपाई मागतायत," काकू म्हणाल्या. "दे."

मी माइकसमोर बसले. दुपारपासून काही खाल्लं नव्हतं, घसा कोरडा पडला होता. पहिलं "नाही" मी म्हटलं आणि आईने मान हलवली.

"विचारतेयस कुणाला? सांग."

दुसरं खालच्या आवाजात गेलं. तिसऱ्यात माफी मागितल्यासारखं वाटतं, म्हणाली. पेशंटना ती कशी पिळून काढते ते मला त्या दिवशी कळलं. "छान. परत म्हण." "छान. परत." मास्तर खुर्चीत रेलून बघत होते, गाडी मागे घेताना शिकाऊ माणसाकडे बघावं तसे, मधे न पडता. अकराव्या वेळी माझ्यात काही उरलंच नव्हतं, ना लाज ना रडू, आणि मी नुसतंच म्हटलं, "नाही."

आईने हात वर केला.

टॅबवर सगळं चढवलं. बाहेरच्या डिस्कवर एक प्रत, नव्या कॉम्प्युटरवर एक, आणि पेन ड्राइव्हवर तिसरी करून काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती रुमालात बांधली. मास्तरांनी टॅब गळ्यात अडकवला. जिन्याच्या पहिल्या पायरीशी ते जरा थांबले, दम खायला.

"हात देऊ का?" काकूंनी विचारलं.

मास्तरांनी बटण दाबलं. "नाही," माझ्या आवाजात ते म्हणाले.

"बरं बाई," काकू म्हणाल्या आणि पुढे झाल्या.

मी दार लावून आत आले. आईने परत हेडफोन घातला होता. दुसऱ्यांचे चारशे दहा आवाज अजून बिननावाचे पडले होते, आणि सकाळी नऊला त्यातलाच कुणीतरी येऊन बसणार होता. तिने नुसतं बोट दाखवलं, की मी ओळखलं, पुढचा लाव.