अर्धं वांगं आणि उघडा राहिलेला मी

मी फाइल हँडल बोलतोय. नाव ऐकून कपाटाची मूठ आठवली ना? फारसं चुकलं नाही तुमचं. एखाद्या प्रोग्रामला फाइल वाचायची असली, की तो ती मशीनकडून उघडून मागतो. मशीन फाइल उघडतं आणि तिची मूठ त्याच्या हाती देतं. ती मूठ म्हणजे मी. वाचून झालं, की त्यानं मला सोडायचं. पापणी लवायच्या आत संपणारं आमचं आयुष्य, आणि त्यातच आमचं सुख.

माझा जन्म वाशिमचा. इथं भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या एका गटाची वेबसाइट आहे. ती चालवणारा प्रोग्राम, म्हणजे तिचा सर्व्हर, ज्या मशीनवर चालतो ते गटाच्या खोलीत, साइट सांभाळणाऱ्या सुचिताच्या टेबलाखाली घुरघुरत असतं. शेतकरी ताज्या भाजीचे फोटो टाकतात, गिऱ्हाईक ते पाहून माल ठरवतं. फोटो झटपट दिसावेत म्हणून सुचितानं सर्व्हरच्या पोटातच चालणारं एक मोड्यूल, म्हणजे छोटा जोडप्रोग्राम, सी या संगणकाच्या भाषेत लिहिलं. वेगाला नुसतं वारं! पण तिथं शिस्त कडक. उघडलेलं आपणच मिटायचं, मागून आवरायला कोणी येत नाही.

जऊळक्याच्या भाऊसिंगांकडे लेकीचं लग्न होतं. सगळा भाजीपाला एका जागी पाहून घ्यावा म्हणून त्यांनी साइट उघडली आणि मेडशीच्या तुळसाबाईंच्या वांग्यांवर बोट ठेवलं. तेव्हा मी जन्मलो. मोठ्या हौसेनं मी फोटो पोचवू लागलो, तोच त्यांची रेंज गेली. पलीकडे कोणी नाही असं पाहून मोड्यूल आल्या पावली माघारी फिरलं. मला सोडायचं मात्र विसरलं.

वाटलं, येईल आता. कोणी आलं नाही. शेजारी पाहिलं, तर माझ्यासारखे कितीतरी! कोणी मेथीची जुडी धरून, कोणी अर्धा कोबी. मशीन एका प्रोग्रामला ठरावीकच हँडलं देतं. आम्ही सगळ्या जागा अडवून बसलेलो, त्यामुळे नव्या गिऱ्हाइकाला एकही उरली नाही. साइट बंद पडली.

"सुचिताताई, भाऊसिंग बोलून राह्यले," फोन घेणारा पवन म्हणाला. "म्हनतात, मले अर्धंच वांगं दिसलं, अन् मंग सारं कोरं! जमत नसन तं दुसरीकून आनतो म्हनतात. रीस्टार्ट मारू का?"

"सकाळपासून तेच करून राह्यलो न आपन? घडीभर चालते अन् पुन्हा बसते. थांब. बंद केलं तं काय अडकलं ते दिसनारच नाही."

दाराशी ऑटोत वांगी होती, त्यांच्यावर ओलं पोतं, आणि कमरेवर हात ठेवून तुळसाबाई. "अवं पोरी, तुह्या मशीनसाठी वांगे थांबत नाहीत. ऊन चढून राह्यलं!"

सुचितानं काहीतरी टाइप केलं. उघडी हँडलं कोणती, असं ती मशीनला विचारत होती. आम्ही सगळे पडद्यावर रांगेनं उभे राहिलो. खरं सांगतो, रीस्टार्टनं माझी सुटका केव्हाच झाली असती. पण माझ्यामागून येणारे पुन्हा अडकलेच असते.

"सारे फोटोच हायेत," ती पुटपुटली. मग एकदम वळली. "पवन, काय म्हनले भाऊसिंग? अर्धं वांगं?"

"हो, अर्धंच."

"काकू, तुमचा फोन द्या जरा!"

चाचणीसाठी वेगळा सर्व्हर चालवून त्यावरून तिनं फोनवर तोच फोटो उघडला आणि अर्ध्यावर नेट तोडलं. एक हँडल उघडंच राहिलं. सुचिता खुर्चीवरून उडालीच. "सापडलं! फोटो पूरा गेला तं हँडल बंद होते, मधातच तुटला तं नाही. मी घरच्या वायफायवर पाह्यलं होतं. तिथं तुटतच नाही न काही!"

मग तिनं मोड्यूलची बाहेर पडण्याची वाट एकच केली. फोटो पोचो की तुटो, जाताना हँडल सोडूनच जायचं. तिनं दुरुस्त केलेला नवा सर्व्हर त्याच मशीनवर, जुन्याच्या शेजारी सुरू केला आणि सगळी गिऱ्हाइकं तिकडे वळवली. पुन्हा नेट तोडून पाहिलं. तिकडचं हँडल अर्धा फोटो टाकून टुणकन निघून गेलं. आम्ही इकडून बघतच राहिलो!

थोड्याच वेळात पवनच्या फोनमधून भाऊसिंगांचा आवाज खोलीभर घुमला. "आलं! देठासकट आलं! अन् बाकीची भाजीबी दिसून राह्यली. वांगे सारे माह्याकडंच पाठवा!"

तुळसाबाईंनी ऑटोवाल्याला हाक मारली. निघता निघता त्या दारात थबकल्या. "अन् ते आत अडकेल होते, त्याइचं काय व?"

"जुना सर्व्हर बंद करून राह्यली, काकू. सुटतीन आता सारे."

"सोड माय, सोड. बिचारे कवाचे उभे हायेत."

मंडळी, काही उघडाल तेव्हा काम पुरं होवो की अर्ध्यात मोडो, मिटायला तेवढं विसरू नका. मेथीवाला गेला, कोबीवालाही गेला. आता माझी पाळी. आमच्यासारख्यांना निरोप द्यायला कधी कोणी दारात थांबत नाही. माझ्यासाठी मेडशीची एक बाई थांबली. येतो मी.