डब्यावरची चिठ्ठी

गिरधर पाटील पुण्याहून कॉम्प्युटरचा कोर्स करून परतला, तेव्हा त्याची पक्की समजूत होती की आता अख्खं धुळं त्याच्या मागे लागणार. गोष्ट पंचाण्णव सालची. धुळं काही मागे लागलं नाही. आग्रा रोडवर बियाण्याच्या दुकानावरची खोली घेऊन त्याने क्लास काढला, दारावर मोठी पाटी लावली, आणि खालच्या दुकानात गर्दी झाली की तिथलं गिऱ्हाईक जिना चढून त्याच्या बाकावर टेकायला येऊ लागलं. गिरधर त्यांनाही कॉम्प्युटर समजावून सांगायचा. ते ऐकून घ्यायचे, कारण पंखा त्याच्याकडेच होता.

अशात एक दिवस रुपचंद आबा फॉर्मांनी भरलेली गोणी घेऊन वर आले. आबा समाजाच्या मंडळाचे अध्यक्ष. मंडळाचा वधूवर मेळावा तोंडावर आला होता.

"गिरधर, हाई बठ्ठं तुन्हा कॉम्प्युटरमा भरी टाक," ते म्हणाले. "तुन्हाबी फॉर्म शे त्यामा. तुन्ही मायनी पारोळाथीन धाडेल शे."

गिरधरला बायको हवी होती. पण त्याहून जास्त आत्ता त्याला एक शब्द वापरायचा होता. पुण्याच्या सरांनी तो एकदाच, तोही तास संपता संपता उच्चारला होता, आणि गिरधरने तो सणाच्या कपड्यासारखा जपून ठेवला होता.

"आबा, नुसती माहिती भरून भागत नाही. माहितीची माहिती लागते. तिला मेटाडेटा म्हणतात."

आबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"गिरणीवर दळणाचे डबे रांगेत असतात ना? दळण आत. पण झाकणावर चिठ्ठी असते. डबा कोणाचा, आत गहू आहे की कळण्याचं ज्वारी-उडीद, बारीक दळायचं की जाडसर. गिरणीवाला डबा उघडतो का? चिठ्ठी वाचतो आणि कामाला लागतो. ती चिठ्ठी म्हणजे मेटाडेटा."

आबांना हे मनापासून पटलं. गिरधरला तर इतकं पटलं की संध्याकाळी घरी जाताना त्याने ते स्वतःलाच पुन्हा एकदा सांगितलं.

आणि मग या विद्वानाने काय केलं? प्रत्येक फॉर्मची एक फाईल केली आणि फाईलला आडनावाचं नाव दिलं. पाटील एक, पाटील दोन, पाटील तीन. ज्या समाजात दगड भिरकावला तर पाटलालाच लागतो, त्या समाजात. तेव्हाच्या कॉम्प्युटरवर फाईलचं नाव इंग्रजी आठ अक्षरांतच बसवावं लागे, ते नीट बसलं, याचाच त्याला आनंद झाला होता.

आबा पाहायला आले. म्हणाले, "साक्रीकडला भटू पाटील, त्याना आंडोर मास्तर शे. त्याना कागद काढ."

गिरधरने पाटील एक उघडला. तो भडगावचा निघाला. पाटील दोन ही मुलगी होती. पाटील तीन मास्तर होता, पण त्याच्या बापाचं नाव चिंधा. असं करता करता आबांचा चहा संपला, पानही खाऊन झालं.

"गिरधर," आबा म्हणाले, "तू तं बठ्ठा डबा उघडी उघडी देखी राहिना. मंग तुन्ही ती चिठ्ठी कथी गयी?"

गिरधरला वाटलं, जिन्यावरून थेट खाली बियाण्याच्या पोत्यांत जाऊन बसावं.

दुसऱ्या दिवशी आबा आपल्या भाचीला घेऊन आले. कुंदा मूळची भडगावची, मामाकडे राहून धुळ्यातल्याच एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करायची. गिरधर गडबडीने उठला आणि म्हणाला, "या, कुंदाताई." म्हणून झाल्यावर त्याने तिच्याकडे नीट पाहिलं आणि 'ताई' म्हटल्याचा त्याला जन्माचा पश्चात्ताप झाला. तिनेही लगेच "बसा, गिरधरभाऊ," म्हणून हिशोब पुरा केला. आबा कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर उघडून बसले आणि पेपरमागे दिसेनासे झाले.

"मेळाव्यात लोक येऊन काय विचारतील?" कुंदाने विचारलं.

"शिक्षण. पगार," गिरधर म्हणाला.

"ते नंतर. आपल्यात आधी गाव विचारतात, मग मामा कुठले ते विचारतात. जे विचारणार तेच बाहेर लिहायचं. लायब्ररीत आम्ही पुस्तकाचं कार्ड करतो, तेव्हा शोधणारा काय विचारत येईल ते बघतो. कव्हर कोणत्या रंगाचं ते लिहीत नाही."

हे खरं तर गिरधरला सुचायला हवं होतं. तो तसं म्हणालाही, "माझ्या डोक्यात होतंच ते." कुंदाने मान हलवली, पण ती मान कोणत्या अर्थाने हलवली हे त्याला कळलं नाही.

मग दोघांनी कामाला जुंपून घेतलं. फाईलच्या नावात आधी गावाची अक्षरं, मग नंबर. शिवाय वेगळी एक यादी, तिच्यात प्रत्येकाचं गाव, मामाचं गाव, शिक्षण, काम, शेती आणि फाईलचं नाव, एवढंच. बुधवारी आबांनी परीक्षा घेतली. भटू पाटलाचा मास्तर मुलगा गिरधरने चहा यायच्या आत काढून दाखवला.

"सापडना!" आबांनी खुशीत मांडीवर थाप मारली.

"यादीत तारीखपण घालायची का?" कुंदाने विचारलं. "फॉर्म कधी बदलला ती?"

"गरजच नाही," गिरधर छाती काढून म्हणाला. "फाईलला कोणी हात लावला की दिवस आणि वेळ कॉम्प्युटर स्वतःच टिपून ठेवतो. कोणाला विचारत नाही, कोणाला सांगत नाही. त्याच्यापासून काही लपत नाही."

हे वाक्य त्याला फार आवडलं होतं. पुढे तीन दिवसांनी आवडेनासं झालं.

कारण तोवर गिरधर कुंदात पुरता अडकला होता. ती फॉर्म वाचताना ओठ हलवायची, चूक सापडली की पेन कानामागे खोचायची, आणि त्याने बढाई मारली की नुसती थांबायची, बढाई संपेपर्यंत. अशी बायको मिळाली तर आपण माणसात येऊ, असं त्याला खरोखर वाटू लागलं. पण रविवारी मेळावा. तिथे नाशिक-जळगावची नोकरीवाली मुलं येणार, यादी चाळणार, आणि कुंदा कोणाच्या तरी घरी जाणार. त्याआधी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि इतर सगळ्या विषयांवर बोलणाऱ्या गिरधरला तेवढंच बोलता येत नव्हतं.

गुरुवारी निघताना कुंदाने स्वतःचा फॉर्म टेबलावर ठेवला. "मामांनी भरायलाच लावला. घालून टाका." ती जिना उतरली आणि गिरधरने फॉर्म भरायला घेतला. शेवटच्या रकान्यात अपेक्षा होती: 'शेतीला नाक मुरडणारा नसावा. बढाया मारणारा नको.'

गिरधरने ते वाचलं आणि स्वतःची फाईल उघडली. आईने पाठवलेल्या फॉर्मवर त्याने स्वतः भर घातली होती. 'शेती: नावावर आहे, संबंध नाही. पुण्याच्या मोठ्या कंपनीशी बोलणी चालू.' बोलणी एवढीच की त्याने अर्ज केला होता आणि उत्तर आलं नव्हतं. स्वभावापुढे लिहिलं होतं, 'नेतृत्वगुण.'

त्याने ते सगळं खोडलं. शेतीपुढे लिहिलं, 'मनापासून आवड. कपाशी वेचण्यात विशेष आनंद.' स्वभावापुढे बराच विचार करून लिहिलं, 'अत्यंत नम्र. इतका नम्र मुलगा समाजात सहसा आढळणार नाही.' फाईल सेव्ह केली आणि शीळ घालत घरी गेला.

शनिवारी दुपारी यादी छापायची होती. आबा कोपऱ्यात पेपरमागे होतेच.

"छापण्याआधी बुधवारनंतर कोणाची फाईल बदलली ते बघू या," कुंदा म्हणाली. "यादीत दुरुस्ती राहायला नको."

गिरधरने घाईने कीबोर्ड आपल्याकडे ओढायला हात पुढे केला. पण तोवर तिने तारखेप्रमाणे फाईली लावल्या होत्या. बाकी सगळ्या बुधवारच्या किंवा आधीच्या. गुरुवारच्या फक्त दोन. एक भडगावची, संध्याकाळी सव्वासहाची. तिच्या पाठोपाठ एक पारोळ्याची, साडेसहाची.

"भडगावची माझी," कुंदा म्हणाली. "ही पारोळ्याची कोणाची?"

"त्याचं घड्याळ जरा मागे-पुढे होतं कधी कधी," गिरधर म्हणाला.

"माझ्या फाईलला बरोबर चाललं आणि पुढच्याला बिघडलं?" तिने फाईल उघडली. मग शेजारी यादी धरली. "यादीत शेतीपुढे 'संबंध नाही' लिहिलंय. फाईलमध्ये कपाशी वेचण्यात विशेष आनंद आहे. मामा तुमचे ते डबे सांगत होते, तसं डब्यात गहू आणि चिठ्ठीवर कळणा झालं की हे."

पुढच्या ओळीवर ती थांबली. वाचताना तिचे ओठ हलले. "इतका नम्र मुलगा..." एवढं म्हणून तिने पदर तोंडाला लावला. तिचे खांदे हलत होते.

गिरधरचे कान तापले. काहीतरी सबब सांगावी म्हणून त्याने तोंड उघडलं, पण आता त्याचाच कॉम्प्युटर समोर साक्षीला उभा होता.

"मी कपाशी शाळेत असताना वेचली, तीही मार खाऊन," तो म्हणाला. "पुण्याहून कोणी बोलावलं नाही. तुमचा फॉर्म वाचला आणि वाटलं, तुम्हाला हवा तसा मी असतो तर बरं झालं असतं. तसा नाही, म्हणून लिहून टाकलं."

कोपऱ्यात पेपरचं पान उलटलं नाही.

कुंदाने पेन कानामागे खोचलं. तेवढ्यात प्रिंटरची रिबन फिकी पडल्याचं गिरधरला आठवलं. खरं तर ती तितकी फिकी नव्हती. तो तोंड लपवायला जिना उतरला, रिबन घेतली, रस्त्यावर उगाच उभा राहिला. आता ही गोष्ट पारोळ्यापर्यंत जाणार, आई डोक्याला हात लावणार, हे त्याला दिसत होतं. पण त्याहून जास्त, उद्यापासून ही मुलगी या खोलीत येणार नाही, हे त्याच्या जिवाला लागलं होतं.

तो वर आला तेव्हा मामा-भाची निघाली होती. "तारखा शेवटचं एकदा बघून घ्या," कुंदा त्याच्याकडे न बघता म्हणाली आणि जिना उतरू लागली. 'भाऊ' या वेळी म्हणाली नाही.

गिरधरने तारखा लावल्या. सगळ्यात शेवटी, त्याच्या फाईलच्याही नंतर, भडगावची फाईल होती. आत्ताची वेळ. म्हणजे तो खाली रिबनशी खेळत होता तेव्हाची.

त्याने ती लगेच उघडली नाही. एकदा उघडल्यावर जे असेल ते असणार होतं. मग उघडली. बाकी सगळं तसंच होतं, फक्त अपेक्षा बदलली होती: 'शेतीला नाक मुरडणारा नसावा. बढाया थोड्या मारल्या तरी चालेल, पण पकडल्यावर खरं सांगणारा हवा.'

गिरधरला हसू येईना आणि रडू तर मुळीच येईना. त्याला एकदम वाटलं, आपल्याही फाईलमध्ये आता काहीतरी खरं, छानसं लिहून टाकावं. त्याने ती उघडली, बोटं चालू केली, इतक्यात जिन्याखालून आबांचा आवाज आला.

"गिरधर! सकायले मेळावाले येतांना तुन्ही मायले संगे लई ये. आनि आते त्या फाईलले हात लावू नको!"