आपण उपस्थित आहात का?

सकाळी तिने नेहमीप्रमाणे आधी बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या पुसल्या, मग भिंतीवरच्या परवान्याची काच. काचेआड नवऱ्याचं नाव : नोंदणीकृत आर्थिक सल्लागार. पूर्वी तो गाद्या विकायचा. "गादी विकली काय नि भविष्य विकलं काय, गिऱ्हाइकाला झोप लागली म्हणजे झालं," असं तो स्वतःच हसून सांगे. ती तेव्हा वाणिज्य शिकवत असे. परवान्याच्या परीक्षेचं पुस्तक तिनेच मोठ्याने वाचून त्याच्याकडून घोटून घेतलं. पुढे ऑफिस घरात आलं आणि तिची नोकरी सुटली.

परवाना टिकवायला दरवर्षी संगणकावर उजळणीचा वर्ग पुरा करावा लागे. त्याच्या नावाने तो तीच करी. मध्येच पडद्यावर विचारणा होई, 'आपण उपस्थित आहात का?' खाली एकच बटण : 'हो'. ते वेळेत दाबलं नाही तर वर्ग रद्द. आज मुदतीचा शेवटचा दिवस होता.

ती आत वर्गाला बसली, तेवढ्यात बाहेर एक निवृत्त परिचारिका आली.

"या योजनेत गुंतवलेले पैसे मध्येच काढले तर काही कापतात का हो?"

"त्याचं असं आहे..." नवरा अडखळला.

"पहिली तीन वर्षं कापतात," आतून तिच्या तोंडून निघून गेलं. "नंतर नाही."

"अगंबाई, वहिनींना बरंच कळतं की!"

"कळतं कसलं! पोपटपंची नुसती. दुधाचा हिशेब जमत नाही तिला." तो मोकळेपणाने हसला. "अगं, तू चहाचं बघ. सल्ल्याचं मी बघतो."

शब्द जिव्हारी लागले. याहून कडू बोल तिने आजवर मुकाट गिळले होते. पण ते चार भिंतींच्या आतले.

पडद्यावर प्रश्न उमटला. तिचं बोट सवयीने बटणाशी गेलं आणि थांबलं. वर्ग बुडाला की परवाना बाद. मग नव्याने परीक्षा, तीही केंद्रावर, एकट्याने. वाचून दाखवायला तिथे कोणी नसेल.

ती उठली. चहात आलं किसून घातलं, तो नीट उकळू दिला. कप घेऊन बाहेर आली, तेव्हा नवऱ्याने हळूच विचारलं, "वर्ग चालू आहे ना?"

"तुम्हीच म्हणालात ना, चहाचं बघ?"

तिने परिचारिकेला साखर विचारली. आत संगणक एकदा बारीक किणकिणला नि गप्प झाला.