पाच उधळलेले, एक दडलेली

वायरमननी सकाळी टाकीत डोकावून पाहिलं आणि तिथूनच ओरडले, "अगं, पाण्यात करंट उतरलाय!"

त्यांची बायको शिवणकाम करणारी. तोंडात टाचण्या धरूनच बाई आल्या. काचेच्या टाकीत पाच झिंगे, बोटाच्या पेराएवढे, आडवेतिडवे सुसाट धावत होते. एरवी हेच प्राणी पेन्शनीत निघाल्यासारखे निवांत शेवाळ चरायचे. सहावा तळाशी आडवा पडला होता, फिकट आणि निपचित.

"एक खपला. बाकीचे शॉक खाऊन नाचतायत," वायरमननी निकाल दिला. तीस वर्षं लोकांच्या भिंती खोदलेला माणूस. त्यांना जगातला प्रत्येक बिघाड वायरिंगचाच वाटायचा. स्वतःच्या अपचनालासुद्धा ते लूज कनेक्शन म्हणायचे. फिल्टरचा प्लग उपटून त्यांनी टाकीत नळी सोडली आणि पाणी बादलीत काढायला घेतलं. टाकी घासून सगळं नवं पाणी भरायचा बेत होता.

बाईंना आधी मादी आठवली. सहांत मादी एकच. आठवडाभर तिच्या मानेमागे पिवळसर डाग दिसत होता, बेतण्याआधी कापडावर खडूने खूण करावी तसा. ती आतली अंडी. मासेवाल्याने समजावलं होतं, डाग भरला की मादी कात टाकते आणि नर चेकाळतात. तिचं अंग तेव्हा मऊ असतं. एकदम नवं पाणी मिळालं तर तगायची नाही.

टाचण्या काढून बाई म्हणाल्या, "ती नळी थांबवा."

"तू तुझं मशीन बघ. मी टेस्टर लावलाय."

"पेटला?"

"टेस्टर जुना आहे."

बाईंनी बाही वर केली आणि तळाचं मढं सुईवर अलगद उचलून खिडकीशी धरलं. "बघा, आत कोणी आहे?"

वायरमननी चष्मा सावरला. पाय होते, मिशा होत्या, डोळ्यांच्या टोप्याही जागच्या जागी. मानेशी मात्र उसवलेलं, आणि आतून पार रिकामं.

"मेलेलं माणूस कपडे उतरवून ठेवून जातं का? ती शेवाळात दडलीये आणि हे पाच जण तिला शोधतायत."

"पाच? एकीच्या मागे?"

"लग्नाआधी तुम्ही दिवसातून चारदा आमचं मीटर तपासायला यायचात, तेव्हा कुठे करंट उतरला होता?"

वायरमनचे कान तापले. त्यांनी नळी काढली, प्लग लावला आणि बादलीतलं तेच पाणी कपाकपाने परत ओतलं. घाईघाईत एक कप स्वतःच्या पायावर.

दुपारपर्यंत नर एकेक करून गार झाले आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने चरू लागले. मादीचा पत्ता नव्हता. बाईंनी एकच बाही तीनदा उलटी जोडली, तीनदा उसवली.

चारच्या सुमाराला शेवाळ हललं. ती बाहेर आली, सावकाश, जड पावलांनी. पोटाखाली अंड्यांच्या पिवळ्या मण्यांचा झुबका, आणि इवल्या पायांनी ती त्याला सारखा वारा घालत होती.

दोघंही टाकीसमोर उकिडवे बसले. वायरमननी दबक्या आवाजात विचारलं, "कुणाची असतील गं?"

"तिची," बाई म्हणाल्या. "सरका जरा, उजेड अडवताय."